मोफत फोन-चौकशी सेवेत प्रायोजकाचा संदेश कुठे, किती आणि कसा वाजवावा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांसाठी फोनवरून पत्ते-नंबर सांगणारी मोफत चौकशी सेवा उभी करायचं काम चालू आहे. औषधाची दुकानं, प्लंबर, मोटार रिवाइंडिंग, धर्मशाळा, टेम्पो, गॅस शेगडी दुरुस्ती, कृषी सेवा केंद्रं अशी यादी. बटणाचा फोन वापरणारे, वयस्कर लोक, गाडी चालवणारे, ज्यांना टाइप करणं जमत नाही किंवा सोयीचं नाही, असे सगळे डोळ्यासमोर आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, तेव्हा बाहेरगावचे फोन वाढणार हे धरलंय.

फोन करणाऱ्याला एक पैसाही पडू नये म्हणून १८०० चा क्रमांक घ्यायचा आहे. खर्च प्रायोजकांकडून. गर्दीच्या तासाला ३०० कॉल आणि सरासरी ६० सेकंदांचा कॉल असा अंदाज आहे. मराठी आणि हिंदी, समोर माणूस बसलेला, रात्री दहानंतर यंत्र.

प्रश्न असे: संदेश किती सेकंदांचा? नंबर सांगण्याआधी की नंतर? रेकॉर्डिंग कसं करायचं? कायद्यात काय अडतं? प्रायोजकांना हिशेब कसा द्यायचा?

---

तारजोडणी

आधी लाइनचा हिशेब करा, कारण संदेशाची लांबी तिथेच ठरते.

३०० कॉल गुणिले ६० सेकंद म्हणजे तासाला १८,००० सेकंद. भागिले ३६००, म्हणजे ५ अर्लांग (एका वेळी सरासरी पाच लाइन गुंतलेल्या). शंभरात एकापेक्षा जास्त माणसाला एंगेज लागू नये असं धरलं तर अर्लांग-बी तक्त्याप्रमाणे (किती भाराला किती लाइन हव्यात ते सांगणारा तक्ता) ११ चॅनेल लागतात, म्हणजे एका वेळी ११ कॉल घेता आले पाहिजेत. कॉलच्या सुरुवातीला १२ सेकंदांचा संदेश लावला की कॉल ७२ सेकंदांचा, भार ६ अर्लांग, चॅनेल १३. प्रायोजक खूश करायला १५-१५ सेकंदांचे दोन संदेश घातले तर ९० सेकंद, ७.५ अर्लांग, चॅनेल १५. पीआरआय लाइनवर (एकाच जोडणीवर अनेक कॉल घेणारी लाइन) बोलायचे ३० चॅनेल मिळतात, तेव्हा लाइन पुरेल. पण जिथे माणूस बसवलाय तिथे चॅनेल वाढणं म्हणजे खुर्च्या वाढणं. म्हणून संदेश वाजत असताना ऑपरेटर मोकळा राहील अशी रचना हवी.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती पल्सची, म्हणजे आकारणीच्या एककाची. १८०० वर येणाऱ्या प्रत्येक कॉलचे पैसे क्रमांकाच्या मालकाला, म्हणजे तुम्हालाच, भरायचे असतात. तुमच्या योजनेत पल्स ६० सेकंदांची असेल तर ५५ सेकंदांच्या कॉलला एक पल्स आणि त्यात १२ सेकंदांची भर पडली की ६७ सेकंद, दोन पल्स. म्हणजे ज्या संदेशातून पैसे यायचे, त्यानंच खर्च दुप्पट केला. करार करताना पल्स किती सेकंदांची हे लेखी घ्या. सेकंदाला आकारणी मिळत असेल तर दर थोडा जास्त असला तरी बहुधा तीच परवडते, पण आपले सरासरी सेकंद घालून गुणाकार करून बघा.

१८६० चा क्रमांक स्वस्त म्हणून कोणी सुचवेल. त्यावर फोन करणाऱ्यालाही आकार पडतो. 'मोफत' म्हणायचं असेल तर तो घेऊ नका.

---

जुनी_डिरेक्टरी

आपल्याकडे १९७ फिरवला की टेलिफोन खात्याचा माणूस नंबर सांगायचा. तिथे प्रायोजक नव्हता, खर्च खात्याचा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलनं वेगळा मार्ग काढला: विचारणाऱ्याला फुकट, आणि यादीत वरची जागा हवी असलेल्या दुकानदाराकडून पैसे. म्हणजे प्रायोजक संदेशात नसून यादीच्या क्रमात बसलेला.

संदेश ऐकवून नंबर द्यायचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत. तिथे ४११ वर चौकशी केली की फोन कंपन्या एका चौकशीला डॉलरभर किंवा जास्त घेत. जिंगल नेटवर्क्सनं २००५ मध्ये १-८००-फ्री-४११ सुरू केलं. दहा-बारा सेकंदांची जाहिरात ऐका, नंबर फुकट घ्या. नाव सांगून एखादं दुकान विचारलं तर त्याच धंद्यातल्या दुसऱ्याची सवलत मधे ऐकवायची आणि बटण दाबलं की तिकडेच जोडून द्यायचं, अशीही सोय होती. कंपनीला त्याचे पैसे चांगले मिळत. पण विचारणारा ज्याचं नाव घेतो त्याच्याऐवजी दुसऱ्याकडे वळवणं हे चौकशी सेवेनं करू नये, असं माझं ठाम मत आहे. २०११ मध्ये ती कंपनी मार्चेक्सनं घेतली.

गूगलनं २००७ मध्ये गूग-४११ आणलं, त्यात जाहिरातच नव्हती. त्यांना हवे होते आवाजाचे नमुने, वाणी ओळखायचं तंत्र शिकवण्यासाठी. नोव्हेंबर २०१० मध्ये ते बंद केलं. म्हणजे 'मोफत'चा खर्च कोणीतरी, कशाच्या तरी बदल्यात उचलतोच, आणि तो कोण हे आपण उघड सांगितलं पाहिजे.

आपल्याकडचं खरं उपयोगी उदाहरण हिंदुस्थान युनिलिव्हरच्या 'कान खजुरा टेसन'चं. २०१३ मध्ये बिहार-झारखंडमध्ये सुरू झालं. मिस्ड कॉल द्या, उलट फोन येईल, पंधरा मिनिटं करमणूक आणि मधे कंपनीच्या जाहिराती. साध्या फोनवरचा माणूस जाहिरात ऐकतो, हे त्यातून दिसलं. पण तो ऐकायलाच बसलेला असतो. चौकशी करणारा मात्र घाईत असतो, त्याच्या हातात पेन असतं आणि कधीकधी घरात पाणी तुंबलेलं असतं. म्हणून तिथली लांबी इथे उचलू नका.

---

तारजोडणी

वरच्या मुद्द्याला धरून जागेबद्दल सांगतो.

ऑपरेटरनं नाव ऐकलं की यादीत शोधायला १० ते २० सेकंद जातात. एरवी त्या वेळात फोनवर शांतता असते किंवा धून वाजते. संदेश वाजवायचा तो तिथे. विचारणारा तसाही थांबलेलाच असतो, त्याचा एकही सेकंद वाढत नाही, कॉल लांबत नाही आणि ११ चॅनेल ११ च राहतात. संदेश संपण्याआधी ऑपरेटरला नंबर सापडला तर त्याला मधेच तोडता आलं पाहिजे. त्यासाठी संदेश ऑपरेटरच्या पडद्यावरच्या एका बटणाशी बांधा.

रात्रीच्या यंत्राला मात्र उत्तर दोन सेकंदांत सापडतं. तिथे 'शोधत आहोत' असं म्हणून बारा सेकंद काढणं खोटं आहे, ते करू नका. रात्री फक्त सुरुवातीच्या स्वागतात पाच सेकंदांची ओळख ठेवा: 'ही चौकशी अमुक यांच्या सहकार्याने मोफत.' बस.

---

आवाजघर

रेकॉर्डिंगचं सांगते.

फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलाच आवाज जातो. स्टुडिओत गोड वाटणारा खर्ज तिकडे पोचत नाही आणि त्याची नुसती गुणगुण होते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला, मोनोमध्येच (डावी-उजवी न करता एकाच बाजूचं) करा. प्रायोजकानं दिलेली स्टिरिओ फाइल मोनो करताना डावी-उजवी बाजू कधीकधी एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो, म्हणून एकच बाजू उचला. १५० हर्ट्झच्या खालचं कापा. सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि शिखर उणे ३ च्या आत. मग ८ किलोहर्ट्झ, ए-लॉ (फोनसाठी आवाज आकड्यांत साठवायची पद्धत). भारतात ए-लॉ चालतं, म्यू-लॉ अमेरिकेतलं. चुकीचं निवडलं तर आवाज विकृत आणि खरखरीत येतो. ए-लॉमध्ये सेकंदाला ८,००० बाइट, म्हणजे १२ सेकंदांची फाइल ९६,००० बाइटची. त्यापेक्षा बराच वेगळा आकार दिसला तर रूपांतरात काहीतरी चुकलंय.

पार्श्वसंगीत नको. मोबाइलवरचे कोडेक (आवाज दाबून पाठवायची तंत्रं) बोलण्यासाठी बनलेले असतात, त्यातून तबला-बासरी गेली की घशात पाणी धरून गुळण्या केल्यासारखी ऐकू येते. प्रायोजक हट्टच धरत असेल तर संगीत बोलण्याच्या किमान २० डेसिबल खाली. फोनची रिंग, बटणांचे आवाज, सायरन हे जाहिरातीत अजिबात नको. ऐकणारा फोन कानापासून दूर करतो, शिवाय स्पीकरवरून परत आलेला तसला आवाज यंत्र कधी बटण दाबल्याचा समजतं.

रात्रीच्या यंत्रात बोलून नाव सांगायची सोय असेल तर स्वागत वाजताना ऐकण्याचं काम बंद ठेवा. नाहीतर स्पीकरवरून परत आलेला प्रायोजकाचाच आवाज यंत्र ऐकतं आणि त्यालाच चौकशी समजतं.

सुरुवातीला पाऊण ते एक सेकंद शांतता सोडा. लोक नंबर फिरवून फोन कानाला लावेपर्यंत पहिला शब्द निघून जातो. आणि सगळे संदेश, स्वागत, ऑपरेटरचा आवाज एकाच पातळीवर आणा. प्रायोजक मोठ्यानं आणि ऑपरेटर हळू असं झालं की वयस्कर माणसाला नेमका नंबरच ऐकू येत नाही.

दहा सेकंदांत मराठीत २० ते २२ शब्द आरामात बसतात. नमुना:

'प्रायोजित माहिती. शेतीपंपाची मोटार जळाली असेल तर सातपूरला अमुक दुकानात रिवाइंडिंग करून मिळतं. त्यांच्याशी बोलायचं असेल तर सात दाबा.'

विशेषणं काढून टाका. 'नाशिकचे सुप्रसिद्ध, विश्वासार्ह' यात अडीच सेकंद जातात आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. काय मिळतं आणि कुठे, एवढंच.

---

गोदाकाठ

फार उपयोगी. एक अडचण आहे. दोन-तीन प्रायोजक म्हणतात, आमचा मोबाइल नंबर संदेशात बोललाच पाहिजे.

---

पाटी_पेन्सिल

तो अजिबात बोलू नका. विचारणारा पेन घेऊन बसलेला असतो आणि कानावर पहिला जो नंबर पडेल तो लिहून घेतो. मग प्लंबर समजून फोन जातो मोटारवाल्याला. प्रायोजकालाही त्याचा त्रासच. एका कॉलमध्ये एकच नंबर बोलला जावा, आणि तो विचारलेला.

नंबर कसा सांगायचा हेही ठरवून द्या. एकेक आकडा, पाच आणि पाच असे दोन गट, मधे सेकंदभर थांबून. जोड्या करून 'एकोणसाठ, त्र्याहत्तर' असं सांगितलं की मराठीत घोळ होतो, आणि हिंदी बोलणाऱ्याला तर लिहिताच येत नाही. पूर्ण नंबर दोनदा. लँडलाइन असेल तर आधी गावाचा कोड (नाशिकचा ०२५३) वेगळा सांगा.

आवाजघर ताईंच्या नमुन्यात एक बदल सुचवतो. 'सात दाबा' नको. 'स' चा बराचसा आवाज ३४०० हर्ट्झच्या वर असतो, तो फोनवर गळतो आणि 'सात' चा 'आठ' होतो. 'एक दाबा' सुद्धा नको, कारण भाषा निवडताना 'मराठीसाठी एक' दाबलेलं असतं आणि लोक सवयीनं पुन्हा तेच दाबतात. 'नऊ दाबा' ठेवा. नंबर सांगतानाही सात-आठ आले की दुसऱ्या वेळी जरा सावकाश.

---

आवाजघर

बरोबर आहे, नऊच ठेवा.

आणि नऊ दाबल्यावर लगेच प्रायोजकाकडे जोडू नका. मूळ चौकशी तिथेच हरवते. दाबल्याची खूण ठेवायची, आधी विचारलेला नंबर दोनदा सांगायचा, आणि मग 'आता अमुक दुकानाशी जोडतो' असं म्हणून जोडायचं.

---

कॅनडा_कॉर्नर

मला वाटतं संदेश नंबर दिल्यानंतर वाजवावा. काम झालेलं असतं, माणूस समाधानी असतो, तेव्हा तो शांतपणे ऐकेल. आधी वाजवला की चिडतो.

---

तारजोडणी

कॅनडा कॉर्नर, चिडण्याबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण नंबर मिळाला की लोक फोन ठेवतात. लाल बटण दाबायला अर्धा सेकंद लागतो. तिथे वाजलेल्या संदेशाचे पैसे प्रायोजकाकडून घेणं योग्य होणार नाही.

याहून वाईट म्हणजे नंबर एकदा सांगून, मधे संदेश, आणि मग नंबर पुन्हा. ऐकणारा तो नंबर मनात घोळवत असतो, मधे कोणी बोललं की तो पुसला जातो. दोन वेळा नंबर सांगण्याच्या मधे शांतता आणि फक्त शांतता.

चिडण्यावर उपाय असा: कोणी चौकशी सांगण्याआधी काही वाजवू नये. आधी त्याचं ऐकून घ्या, 'बघतो हं, लाइनवर राहा' म्हणा, मग संदेश.

---

कायद्याचं_पान

नियमांची बाजू.

माणसानं स्वतः फोन केला आणि त्या कॉलमध्ये संदेश ऐकला, तर ते नको असलेल्या व्यापारी कॉलमध्ये बसत नाही. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८ चे नियम लागू होतात ते तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या कॉलला आणि एसएमएसला. नंबर एसएमएसनं पाठवायचा असेल तर डीएलटीवर (व्यापारी एसएमएसची नोंदणी होते ती ऑनलाइन यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. त्या एसएमएसमध्ये प्रायोजकाची एक ओळ जरी घातली तरी तो प्रचाराचा एसएमएस ठरतो आणि डीएनडीवर असलेल्यांना (जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्यांना) जात नाही. म्हणून एसएमएस प्रायोजकाविना ठेवा. खर्चाच्या दृष्टीनंही तेच बरं. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, काना-मात्रा वेगळे मोजून. ओलांडलं की प्रत्येक भाग ६७ चा आणि पैसे भागागणिक. दुकानाचं नाव, भाग आणि नंबर ७० मध्ये बसवा.

मिस्ड कॉल घेऊन उलट फोन करण्याची कल्पना कोणी मांडली तर सावध राहा. तो बाहेर जाणारा कॉल आहे, आणि त्यात जाहिरात वाजवायची तर संमती, नोंदणी आणि १४० ची मालिका (प्रचाराच्या कॉलसाठी राखलेले नंबर) हे सगळं बघावं लागेल.

विचारणाऱ्याचा नंबर प्रायोजकाला देऊ नये. त्यानं नंबर दिला तो एका चौकशीसाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच हा आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची. प्रायोजकाच्या करारात हे स्पष्ट लिहा, कारण तो पहिल्याच महिन्यात यादी मागेल.

संदेशाच्या आरंभी 'प्रायोजित माहिती' हे शब्द हवेतच. जाहिरात आहे हे लपवून माहिती म्हणून गळी उतरवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन रचना) मार्गदर्शक सूचनांत गैर ठरवलं आहे. खोटा दावा केला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रायोजक म्हणून कोण नको: दारू आणि तंबाखू. नाशिकला वाइनरी भरपूर, त्या विचारतीलच. महाराष्ट्र मद्यनिषेध कायदा १९४९ मुळे त्यांना नम्रपणे नाही म्हणा. मधुमेहावरचे किंवा मूल होण्यासाठीचे 'खात्रीशीर' उपाय १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात अडकतात. डॉक्टर आणि वकील यांना त्यांच्याच व्यवसायाचे नियम जाहिरात करू देत नाहीत. त्यांची नावं यादीत ठेवा, प्रायोजक करू नका.

---

पंचवटीकर

काही चौकश्या अशा आहेत की त्यांच्यावर संदेश वाजूच नये. रुग्णवाहिका, रक्तपेढी, रुग्णालय, सर्पदंश, आग, हरवलेलं माणूस. ऑपरेटरनं हा प्रकार निवडला की संदेशाचं बटणच बंद व्हावं, त्याच्या आठवणीवर सोडू नका. १०८ आणि ११२ लगेच सांगा.

सिंहस्थात आणखी एक. बाहेरगावच्या माणसाला नाशिक आणि त्र्यंबकेश्वर वेगळे आहेत, मधे साधारण तीस किलोमीटरचं अंतर आहे, हेच ठाऊक नसतं. रामकुंडाजवळची धर्मशाळा विचारणाऱ्याला त्र्यंबकच्या लॉजचा संदेश ऐकवला तर तो तिकडे निघेल. प्रत्येक संदेशाला भागाची खूण लावा: पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर-अंबड, त्र्यंबक, ओझर-पिंपळगाव. चौकशीचा भाग जुळला तरच वाजवा. जुळणारा नसेल तर शांतता राहू द्या, रिकामी जागा भरायची म्हणून काहीही लावू नका.

मुक्काम आणि पूजा या दोन प्रकारांत प्रायोजकच घेऊ नये असं माझं म्हणणं. नारायण नागबळी, कालसर्प या पूजांच्या नावाखाली आणि धर्मशाळेच्या आगाऊ रकमेत फसवणारे नंबर गर्दीच्या काळात निघतात. पैसे देऊन संदेश मिळत असेल तर सर्वांत आधी तेच येतील. बाकी प्रायोजकांचीही तपासणी हवी: जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, दुकान प्रत्यक्ष बघणं, आणि जोडून द्यायचा नंबर दर आठवड्याला फिरवून बघणं. सिम बंद पडून नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर तुमच्या सेवेच्या नावावर फसवणूक होते.

शेतीच्या प्रायोजकांना हंगाम विचारून घ्या. द्राक्षाची छाटणी एप्रिलला आणि ऑक्टोबरला, तेव्हा दिंडोरी-निफाडकडून औषधं आणि फवारणी यंत्रांच्या चौकश्या येतात. वर्षभराचा करार करण्यापेक्षा त्या दीड-दोन महिन्यांचा करा, त्यांनाही परवडेल.

---

हिशेबनीस

बिलाचं. 'इतके कॉल आले' यावर पैसे घेऊ नका. 'इतक्यांनी संदेश पूर्ण ऐकला' यावर घ्या. प्रत्येक कॉलच्या नोंदीत चार गोष्टी हव्यात: संदेशाचा क्रमांक, तो सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि कशामुळे थांबला (संपला, ऑपरेटरनं तोडला, समोरच्यानं फोन ठेवला). ऑपरेटरनं तोडलेला संदेश बिलात धरू नये. पण एक काळजी घ्या: ऑपरेटरवर संदेश पूर्ण होऊ देण्याचं कुठलंही उद्दिष्ट लादू नका. एकदा ते लादलं की सापडलेला नंबर हातात ठेवून तो थांबून राहायला लागेल.

पहिले दोन आठवडे एकही संदेश न लावता सेवा चालवा आणि किती जण वाट बघताना फोन ठेवतात ते मोजा. मग निम्म्यांना संदेश, निम्म्यांना शांतता. वाटणी फोन करणाऱ्याच्या नंबरच्या शेवटच्या अंकावरून, सम आणि विषम, म्हणजे तोच माणूस दर वेळी त्याच गटात राहतो. संदेशवाल्या गटात फोन ठेवणारे स्पष्टपणे जास्त दिसले तर संदेश बदला. एकाच माणसाला एका दिवसात तोच संदेश दुसऱ्यांदा नको.

प्रायोजकाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी आवश्यक. दर सांगताना 'जीएसटी वेगळा' हे पहिल्या दिवशीच बोला. अहवालात विचारणाऱ्याच्या नंबरचे शेवटचे चार अंक झाका.

आणि यादीतला क्रम विकू नका. पैसे देणारा संदेशात येईल, पण 'इंदिरानगरचा प्लंबर' विचारल्यावर पहिलं नाव कोणाचं, हे अंतर आणि दुकान उघडं आहे का यावरच ठरलं पाहिजे. सेवेवरचा विश्वास त्यावरच टिकतो.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका: विचारलेल्या दुकानाला थेट जोडून देताना रिंग वाजत असते, तेव्हा रिंगच्या जागी संदेश लावता येईल असं सेवा पुरवठादार म्हणतोय. तोही फुकटचा वेळच ना?

---

तारजोडणी

दिसतो तसा, पण तो वेळ घेऊ नका. खरी रिंग झाकली की समोरचा फोन बंद आहे, एंगेज आहे की कव्हरेजच्या बाहेर आहे हे विचारणाऱ्याला कळत नाही. संदेश वाजत राहतो, समोर कोणी उचलत नाही, आणि तो जोडलाय समजून थांबतो. उचललंच तर संदेश मधेच तुटतो आणि पहिलं 'हॅलो' हरवतं. पुरवठादाराला सांगा, जोडल्यावर पलीकडून येणारी रिंग आणि नेटवर्कची सूचना जशीच्या तशी जाऊ द्या. २५ सेकंदांत उचललं नाही तर कॉल ऑपरेटरकडे परत यावा, म्हणजे यादीतला पुढचा नंबर देता येईल.